साक्ष पुष्कळ झाली, आता गोष्ट वाचा

कादंबरी वाचणं ही चैन आहे, हे आपल्या वस्तीतल्या पोरांना फार लवकर शिकवलं जातं. हातात जाड पुस्तक दिसलं की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या परीक्षेचं?" परीक्षेचं नसेल तर दुसरा, "मग कशाला डोळे फोडतोयस?" विचारणारा वाईट नसतो. तो बाप असतो, थोरला भाऊ असतो, दोन पाळ्या करून आलेला असतो. अक्षराच्या वाटेनं नोकरी आली तरच घराला हातभार लागतो, हे त्याला ठाऊक असतं. त्याच्यावर मी चिडत नाही. त्याच्या प्रश्नामागे जी व्यवस्था दबा धरून बसलीय तिच्यावर चिडतो. आपल्या माणसानं अक्षर कामापुरतं घ्यावं. सही करावी, फॉर्म भरावा, परीक्षा पास व्हावी आणि गप बसावं. अक्षराची मौज दुसऱ्यांनी मारावी. पाणवठ्यावर वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायचं, त्यातलाच हा प्रकार. तहान भागेल एवढं घ्या, पण पाण्यात उतरू नका.

मी म्हणतो, उतरा. चांगले पोहा.

या वेळच्या संपादकीयात ठराव नाही, निषेध नाही, कुणाला इशारा नाही. कादंबऱ्यांची नावं आहेत. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या, बहुतेक परमुलखातल्या, दोन मराठीतल्या. परमुलखातल्या मी इंग्रजीतून वाचल्या, कुठे धडपडत, कुठे सुसाट. आणि वाचताना मला मजा आली. हा शब्द मी जाणूनबुजून वापरतोय. चळवळीतल्या माणसाला 'मजा' म्हणायची लाज वाटते. त्याला वाटतं, वाचायचं ते उपयोगासाठी, भाषणात दाखला द्यायला, समोरच्याचं तोंड बंद करायला. तेही करा. पण रात्री दोन वाजता दिवा मालवता येत नाही, कारण पुढे काय झालं ते कळल्याशिवाय झोप येणार नाही, ही अवस्था तुमच्याही हक्काची आहे. ती कुणाच्या बापजाद्यांची जहागीर नाही.

आता कादंबरीच का? कविता आहे, आत्मकथन आहे, वैचारिक पुस्तकं आहेत. सांगतो.

१९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं आणि मराठी साहित्याच्या दिवाणखान्यात कुणीतरी चपला न काढता शिरलं. त्यामागोमाग आत्मकथनांची रांग लागली. बायांनी लिहिलं, भटक्या-विमुक्तांनी लिहिलं. ते लिहिणं गरजेचं होतं, आजही आहे. पण दिवाणखाना हुशार. त्यानं आपल्यासाठी एक जागा कायमची ठरवून टाकली, साक्षीदाराची. तुमचं सोसणं सांगा. काय खाल्लं ते सांगा, कुणी मारलं ते सांगा. आपण सांगतो, ते हळहळतात, परिसंवाद होतो, चहा होतो, ज्याचा तो घरी जातो. कल्पना करायची ती त्यांनी. खुनाचा उलगडा त्यांनी करायचा, प्रेमात वेडं त्यांनी व्हायचं, मंगळावर त्यांनी जायचं. आपण फक्त खरं बोलायचं, तेही शपथेवर.

पिंजऱ्यातल्या साक्षीदाराला प्रश्न विचारता येत नाहीत. विचारलेल्याचं उत्तर द्यायचं आणि खाली उतरायचं. गोष्ट सांगणाऱ्याचं तसं नसतं. तो वाटेल तिथून सुरुवात करतो, मेलेल्या माणसाला बोलायला लावतो, जेलरच्या डोक्यात शिरून बसतो. ही सत्ता आहे, दोस्तांनो. अण्णाभाऊंना ती ठाऊक होती. घाटकोपरच्या चिरागनगरात राहणाऱ्या या माणसानं १९५९ साली 'फकिरा' दिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. बाबुराव बागुलांची 'सूड' १९७० ची. म्हणजे कादंबरी आपल्याला परकी कधीच नव्हती. पण ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांचा एवढा मोठा बाजार भरतो, बाया-बापये लुगड्याच्या, धोतराच्या गाठी सोडून पुस्तकं घेतात, आणि त्या बाजारात मला कादंबरी मात्र शोधत फिरावं लागतं. ही भूक का मेली, याचा विचार करा.

१९६६ साली अमेरिकेत ओकलंडला ब्लॅक पँथर उभी राहिली. १९७२ साली मुंबईतल्या पोरांनी ते नाव उचललं. म्हणून पहिल्या दोन कादंबऱ्या काळ्या लेखकांच्या. नावाचं नातं वाचनाचंही व्हायला हवं.

पहिली, पर्सिव्हल एव्हरेटची 'जेम्स', २०२४ ची. मार्क ट्वेनची 'हकलबेरी फिन' तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. १८८४-८५ ची कादंबरी, जगभर शिकवतात. हक नावाचा गोरा पोरगा आणि त्याच्याबरोबर तराफ्यावरून मिसिसिपी नदीतून पळणारा काळा गुलाम जिम. ट्वेनचा जिम भला माणूस, पण भोळा, भुताखेतांना भिणारा, मोडकंतोडकं बोलणारा. एव्हरेटनं काय केलं? गोष्ट जिमच्या तोंडी दिली. आणि मग कळतं की हा बाबा न्यायाधीशाच्या घरातली पुस्तकं चोरून वाचून बसलाय. घरात तो अस्सल, शुद्ध भाषा बोलतो. गोऱ्यासमोर गेला की मुद्दाम मोडकी. आपल्या पोरांची तो शिकवणी घेतो, चुकीचं कसं बोलायचं याची. गोऱ्या बाईच्या स्वयंपाकघराला आग लागलेली दिसली तर 'आग' म्हणायचं नाही. 'अगं बाई, ते बघा काय' असं म्हणायचं. संकटाला नाव देण्याचा मान गोऱ्याचा.

हे वाचून मी खदाखदा हसलो आणि मग माझं हसू विरलं. साहेबासमोर आवाज बदलणं, मुलाखतीत आडनाव गिळणं, घरची भाषा कॉलेजच्या फाटकाबाहेर ठेवून आत जाणं, हे आपल्याला काय नवीन आहे? जिमच्या स्वप्नात व्होल्तेअर आणि लॉक येतात. स्वातंत्र्यावर ग्रंथ लिहिणारे हे थोर लोक, आणि हा गुलाम त्यांना उभे-आडवे प्रश्न विचारतो. पुढे त्याच्या हाती पेन्सिलीचा एक तुकडा येतो. त्या तुकड्याची किंमत दुसऱ्या एका माणसाला जिवानं मोजावी लागते. याहून जास्त सांगत नाही. या कादंबरीला २०२४ चं नॅशनल बुक अवॉर्ड आणि २०२५ चं पुलित्झर मिळालं. शेवटाकडे ती सिनेमासारखी पळते, तिथे मला थोडी घाई वाटली. बोलीतले संवाद डोळ्यांना अडतात, ते मोठ्यानं वाचा, कानाला कळतात.

दुसरी, कोल्सन व्हाइटहेडची 'द निकेल बॉइज', २०१९ ची. इंग्रजी साधं, पानं थोडी. इंग्रजी कादंबरी कधीच वाचली नसेल तर इथून सुरुवात करा. १९६० च्या दशकातलं फ्लोरिडा. एल्वुड नावाचा अभ्यासू काळा पोरगा, आजीनं वाढवलेला. मार्टिन ल्यूथर किंगच्या भाषणांची तबकडी ऐकून ऐकून त्याला न्यायावर विश्वास बसलाय. आजी हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला. तिथे भांडी पुसण्याची पैज मारून हा पोरगा ज्ञानकोशाचा अख्खा संच जिंकतो, मरमर करून घरी आणतो. पहिला खंड वाचतो. दुसरा उघडतो तर पानं कोरी. तिसराही कोरा. विक्रेत्याचा नुसता दाखवायचा संच होता तो. दोस्तांनो, आपल्याला मिळालेल्या शिक्षणावर इतकं कडू चित्र मी दुसरं वाचलेलं नाही.

तोच पोरगा कॉलेजच्या वर्गाला जायला एका गाडीत बसतो. गाडी चोरीची निघते. त्याचा काही संबंध नसतो, पण काळ्याला कोण विचारतो? रवानगी सुधारगृहात. पुढचं तुम्ही वाचा. तिथे त्याला टर्नर भेटतो, ज्याचा न्यायबियावर काडीचा विश्वास नाही. दोघांची दोस्ती आणि दोघांचा वाद, त्यावर कादंबरी उभी आहे. शेवटी लेखक पायाखालची जमीन ओढून घेतो, म्हणून शेवटचं पान आधी उघडू नका. हे सुधारगृह हवेतून आलेलं नाही. फ्लोरिडात मरियाना इथे डोझिअर नावाची शाळा होती, ती २०११ साली बंद झाली. नंतर तिथली जमीन उकरली तेव्हा पोरांच्या पन्नासहून अधिक कबरी निघाल्या. व्हाइटहेडला २०१७ साली 'द अंडरग्राउंड रेलरोड'साठी आणि २०२० साली या कादंबरीसाठी, असं दोनदा पुलित्झर मिळालं.

तिथून आपल्या देशात या. बंगालमधला मनोरंजन ब्यापारी. निर्वासित नामशूद्राचं पोर, अक्षरओळख तुरुंगात झाली. बाहेर येऊन कोलकात्यात सायकलरिक्षा ओढायचा. एक दिवस त्यानं रिक्षातल्या बाईंना 'जिजीविषा' या शब्दाचा अर्थ विचारला. त्या बाई निघाल्या महाश्वेतादेवी. त्यांनी त्याला आपल्या नियतकालिकासाठी लिहायला सांगितलं. ही कहाणी सगळे सांगतात, हळहळ्यांना तर ती फार आवडते. रिक्षावाला लेखक! मी तुम्हाला रिक्षा विसरायला सांगतो आणि त्याची 'बाताशे बारुदेर गंध' वाचायला सांगतो. अरुणाव सिन्हांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१८ मध्ये आला, २०१९ च्या जेसीबी पुरस्काराच्या अंतिम यादीत होता. सत्तरीच्या सुरुवातीचा बंगाल, एक तुरुंग, आत नक्षलवादी कैदी. ते पळायचा बेत करतायत. जेलरला वास लागतो, आणि तो एका भुरट्या चोराला त्यांच्यात खबऱ्या म्हणून सोडतो. आता हा चोर कुणाचा? पोटाचा, जेलरचा, की त्या पोरांचा? सगळी गंमत त्यात आहे. ब्यापारीनं आत्मचरित्रही लिहिलंय, त्याचं नाव झालं. पण या कादंबरीत तो साक्ष देत नाही. तो जेलरच्याही आत शिरतो, चोराच्याही, आणि तुरुंगातल्या अंधारातही विनोद करतो.

चौथी तामिळमधली, पेरुमाळ मुरुगनची 'पूक्कुळी'. मूळ २०१३ ची, इंग्रजीत 'पायर' नावानं २०१६ साली आली, २०२३ च्या आंतरराष्ट्रीय बुकरच्या लांब यादीत होती. कुमरेसन सोडावॉटरच्या धंद्यातला पोरगा. शहरातल्या सरोजाशी लग्न करून तिला आपल्या गावी आणतो. गाव एकच प्रश्न विचारतं, पोरगी कुठल्या जातीची? सासू विचारते, शेजारी विचारतात, मामे विचारतात. आणि मुरुगनची करामत बघा, शेवटच्या पानापर्यंत सरोजाची जात तो सांगत नाही. आपणही वाचता वाचता अंदाज बांधायला लागतो, आणि मग लक्षात येतं की आपणही त्या गावात जाऊन बसलो. पुस्तक मिटवून मी माझ्याच थोबाडाकडे बघत राहिलो. २०१४ चं खर्डा ज्यांच्या लक्षात आहे त्यांना या कादंबरीतलं गाव ओळखायला नकाशा लागणार नाही.

याच मुरुगनला दुसऱ्या एका कादंबरीवरून इतका त्रास झाला की २०१५ च्या जानेवारीत त्यानं आपल्यातला लेखक मेला असं जाहीर केलं. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला आणि तो परत लिहिता झाला. गोष्ट निरुपद्रवी असती तर कुणी लेखकाला मारायला धावलं असतं का?

पाचवी कोरियातली. हान कांगची 'ह्युमन ॲक्ट्स', मूळ २०१४ ची, इंग्रजीत २०१६ साली आली. १९८० च्या मे महिन्यात दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरात लष्करी राजवटीविरुद्ध लोक उठले आणि सैन्यानं त्यांना गोळ्या घातल्या. कादंबरी सुरू होते ती एका शाळकरी पोरापासून. प्रेतं ठेवलेल्या व्यायामशाळेत तो मदत करतोय, कुठल्या देहाला कोण ओळखतं याची नोंद ठेवतोय. मग प्रत्येक प्रकरणात आवाज बदलतो. त्या पोराचा मेलेला दोस्त बोलतो. प्रकाशनात काम करणारी बाई येते, जिला पोलीस ठाण्यात सात थपडा बसल्यात आणि जी एकेक थप्पड एकेका दिवसात विसरायचं ठरवते. गिरणीत राबलेली, युनियनमध्ये लढलेली पोरगी येते. शेवटाकडे आई येते. ही कादंबरी मजेची आहे असं म्हणालो तर खोटं होईल. पण ती हातातून सुटत नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर मोडलेल्या घरांत वाढलेल्यांना त्या कामगार पोरीचं प्रकरण फार जवळून लागेल. हान कांगला २०२४ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी ३ डिसेंबरच्या रात्री तिच्या देशात राष्ट्राध्यक्षानं पुन्हा लष्करी कायदा जाहीर केला. लोक रस्त्यावर आले, संसदेनं काही तासांत तो हाणून पाडला. आठवड्याभरात ही बाई स्टॉकहोमला नोबेल घ्यायला उभी राहिली. तिनं ते आधीच लिहून ठेवलं होतं, कसं मारतात आणि मेलेले कसे बोलत राहतात.

आता मराठी. नंदा खरे यांची 'उद्या' वाचा. दाराशी येऊन ठेपलेला काळ, माणसावर डोळे लावून बसलेली यंत्रं आणि त्या यंत्रांचे मालक. तिला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो नाकारला. २०२२ साली ते गेले. मोबाइलवर बोट फिरवत बसणाऱ्या प्रत्येकानं ही वाचावी. आणि कृष्णात खोत यांची 'रिंगाण', २०२३ च्या साहित्य अकादमी पुरस्काराची मानकरी. धरणासाठी उठवलेलं गाव, मागे राहून रानाची झालेली म्हैस, आणि तिला आणायला परत निघालेला माणूस. एवढीशी गोष्ट. पण माणसाला उठवलं म्हणजे नेमकं काय काय उठतं, हे त्या म्हशीच्या मागे धावताना कळतं. पुनर्वसनाच्या सरकारी कागदात ती म्हैस तुम्हाला सापडणार नाही.

यादी इथे थांबवतो. या सगळ्यांत मला एक धागा दिसतो. कुणाच्या तरी गोष्टीत कोपऱ्यात उभा असलेला माणूस पुढे येतो आणि म्हणतो, आता मी सांगतो. पण एक धोकाही सांगून ठेवतो. प्रत्येक पुस्तकात आपलंच दुःख शोधत बसू नका. ती पुन्हा साक्षीदाराचीच सवय झाली. लेखकानं गाठ कशी मारली, कुठे हसवलं, काय लपवून ठेवलं, ते बघा. सुताराचं पोर दुसऱ्याच्या घरातला दरवाजा बघतं तसं बघा. कारण हा दरवाजा उद्या तुम्हाला करायचाय.

अजून किती गोष्टी लिहायच्या राहिल्यात! पुण्यात एका खोलीत सहा जण राहून चौथ्यांदा परीक्षेला बसणारा पोरगा. पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन दुसऱ्याचं गरम जेवण पावसातून पोचवणारा. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत तेराव्या मजल्यावर लिफ्ट बंद पडल्यावर अडकलेली म्हातारी. यातल्या कुणाचीही प्रेमकथा लिही. भुताची लिही, चोरीची लिही, तेराव्या मजल्यावरच्या खुनाची लिही. फक्त रडगाणं मागणाऱ्यांसाठी लिहू नकोस.

शेवटी व्यवहाराचं बोलतो. पुस्तकं महाग आहेत. पाच जणांनी वर्गणी काढून एक घ्या, पहिल्या पानावर पाचही नावं लिहा आणि फिरवा. गावात, वॉर्डात सार्वजनिक वाचनालय असेल तर तिथल्या मागणी-वहीत ही नावं लिहा, पुन्हा पुन्हा लिहा. मुंबईत असाल तर फोर्टच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळा. चोरून छापलेली प्रत घेऊ नका. लेखक, अनुवादकही मजूरच, त्यांची मजुरी बुडवून आपण कुठली क्रांती करणार? इंग्रजी अडत असेल तर दोघांनी मिळून वाचा. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं शब्द बघायचा. दिवसाला दहा पानं झाली तरी महिन्यात कादंबरी संपते. आणि ज्याला अनुवाद जमतो त्यानं एक प्रकरण तरी मराठीत करून बघावं, निदान आपल्या पाच जणांसाठी. सदाशिवपेठी मराठीत नको, आपण बोलतो त्या मराठीत.

पुढच्या अंकाची चार पानं मी रिकामी ठेवतोय. वाचलेल्या कादंबरीबद्दल लिहा, आवडली नसेल तर का नाही ते लिहा, मला शिव्या द्यायच्या असतील तर त्याही द्या. सारांश मात्र पाठवू नका, तो गाइडात मिळतो. कुठल्या पानावर झोप उडाली तेवढं लिहा.